दुसऱ्याच्या धावपट्टीवर : जे. आर. डी. टाटा



लाखनी, साकोली, तुमसर या भागातल्या तुमच्यापैकी काहींनी हे नक्की पाहिलं असेल. धान कापणीचे दिवस असतात, आभाळ निरभ्र असतं आणि डोक्यावरून एक छोटंसं विमान घरघर करत जातं. प्रवासी विमानासारखं ते खूप उंचावर नसतं. बांधीत काम करणारी माणसं क्षणभर मान वर करतात, लहान मुलं हात हलवतात आणि विमान पुढं निघून जातं.

अशा विमानात बऱ्याचदा तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असलेला एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी बसलेली असते. आपल्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात बिरसी इथं विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथं धावपट्टी बांधली. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत बिरसी आपल्या भंडारा जिल्ह्यातच होतं. आज तिथं वैमानिक घडवणारी संस्था आहे आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं-मुली तिथं शिकायला येतात.

आता एक गंमत बघा. या मुलांना नुसतं बिरसीच्या आकाशात घिरट्या घालून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळत नाही. त्यासाठी एकूण २०० तासांचं उड्डाण लागतं. आणि त्यात एक अट अशी आहे की विद्यार्थ्यानं स्वतः विमान चालवत कमीत कमी ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची एक मोठी फेरी करायची. भंडाऱ्याहून रस्त्यानं छत्रपती संभाजीनगरला जायचं तर जेवढं अंतर पडतं, साधारण तेवढं. या फेरीत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरायचं, विमान पूर्ण थांबवायचं आणि मग पुन्हा निघायचं. जिथून निघालो तो घरचा तळ यात धरत नाहीत.

तुम्ही म्हणाल, उतरणं ते उतरणंच, मग ते कुठंही उतरलं म्हणून काय झालं? हाच प्रश्न आज आपल्याला समजून घ्यायचा आहे. त्यासाठी आपण एका अशा माणसाचं चरित्र बघणार आहोत, ज्याचं जवळपास सगळं आयुष्य दुसऱ्याच्या धावपट्टीवर उतरण्यात गेलं. त्यांचं नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. सगळा देश त्यांना जेआरडी म्हणून ओळखतो.

घर नेमकं कुठलं?

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि व्यवसायातले भागीदार. आई सुझान फ्रेंच होती. पाच भावंडांत जहांगीर दुसरा. वडिलांच्या व्यापारामुळं हे कुटुंब कधी फ्रान्स, कधी मुंबई, तर कधी जपानमधलं योकोहामा असं फिरत राहिलं. मुलगा एका शाळेत रुळतो न रुळतो तोच सामान बांधायची वेळ येई. त्याची पहिली भाषा फ्रेंच होती.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो नावाच्या गावी टाटा कुटुंब सुट्टीसाठी जात असे. तिथंच जवळ लुई ब्लेरिओ यांचं घर होतं. हे तेच ब्लेरिओ, ज्यांनी २५ जुलै १९०९ रोजी विमानानं इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडली. तिथल्या वाळूवर विमानं उतरायची आणि छोटा जहांगीर ती डोळे भरून पाहायचा. पंधराव्या वर्षी त्याला विमानात बसायला मिळालं. मोठेपणी आपण विमान चालवायचं, हे त्या वयातच त्यानं ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं असतं. पुढची दहा वर्षं मात्र विमानाशी काही संबंध आला नाही. १९२३ मध्ये आई क्षयरोगानं गेली. विसाव्या वर्षी फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे त्याला एक वर्ष घोडदळात नोकरी करावी लागली. त्याला तिथंच राहायचं होतं, पण वडिलांनी परत बोलावलं. नंतर कळलं की तीच तुकडी पुढं मोरोक्कोच्या मोहिमेवर गेली आणि तिथं मारली गेली. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात शिकायची इच्छाही अशीच राहून गेली. विद्यापीठाची पदवी नाही, ही खंत या माणसाला आयुष्यभर होती.

डिसेंबर १९२५ मध्ये जहांगीर मुंबईला टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाला. नंतर पोलाद कारखान्याचं काम बघायला त्याला जमशेदपूरला धाडलं. १९२६ मध्ये वडील वारले. बावीस वर्षांच्या या तरुणावर लहान भावंडांची आणि वडिलांच्या जागेची जबाबदारी आली.

विचार करा मित्रांनो, जन्म एका देशात, बालपण तीन देशांत, आईवडील दोघंही गेलेले. अशा माणसाला घर म्हणायचं ते कशाला? १९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं. मुंबई हा आपला तळ, हे त्यांनी स्वतः निवडलं. आणि त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली.

पहिला क्रमांक

मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाला, तसे जेआरडी लगेच तिथं गेले. शिक्षकाबरोबर जेमतेम पावणेचार तास उडाल्यावर त्यांनी एकट्यानं विमान उडवलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्यांचा क्रमांक पहिला होता. वय होतं चोवीस.

आजच्या हिशोबानं हे शिक्षण फारच थोडं. तेव्हाची विमानंही साधी होती. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, एक इंजिन आणि उघडी बैठक. वाऱ्याचा झोत थेट तोंडावर यायचा. रेडिओ नव्हता. एकदा जमीन सोडली की खालच्या माणसाशी बोलण्याचा काही मार्ग नाही. वाट चुकू नये म्हणून रेल्वेचे रूळ, नद्या, समुद्रकिनारा यांकडं बघत जायचं. आपल्या भागाचं उदाहरण घ्या. मुंबई-हावडा लोहमार्ग आणि वैनगंगा या दोन खुणा दिसत राहिल्या की आपण कुठं आहोत ते वरून समजेल. पण ढग खाली आले आणि दोन्ही झाकले गेले तर? मग होकायंत्र, घड्याळ आणि डोकं, एवढंच हाताशी.

जुहूच्या मैदानावर उतरणं जेआरडींना आता सवयीचं झालं होतं. वारा कुठून येतो, झाडं कुठं आहेत, जमीन कुठं मऊ आहे, हे त्यांना पाठ होतं. खरी परीक्षा अजून बाकी होती.

कराची ते लंडन

आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केलं. जो भारतीय इंग्लंड आणि भारत यांमधलं अंतर एकट्यानं विमान चालवत एका महिन्याच्या आत पार करील, त्याला ५०० पौंड. सुरुवात कुठल्याही टोकाकडून करता येणार होती.

तीन तरुण पुढं आले. त्यांतले मनमोहन सिंग (हे आपले माजी पंतप्रधान नव्हेत, नावाचा सारखेपणा आहे) प्रवास पुरा करू शकले, पण महिन्याची मुदत उलटून गेली. दुसरे होते अस्पी इंजिनिअर, वय अवघं सतरा. ते इंग्लंडकडून भारताकडं निघाले. तिसरे जेआरडी. ते ३ मे १९३० रोजी कराचीहून इंग्लंडच्या दिशेनं उडाले. दोघांकडंही जिप्सी मॉथ जातीचं छोटं दुपंखी विमान होतं.

आता तुम्ही नकाशा उघडा आणि बोटानं ही वाट दाखवा. कराची, मग इराणचा उजाड किनारा, पुढं इराक, तिथून इजिप्त, भूमध्य समुद्र, युरोप आणि शेवटी लंडन. ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर जाणारं विमान दर काही तासांनी खाली उतरवावंच लागे. प्रत्येक मुक्कामाला मैदान नवं, हवा नवी, भाषा नवी. पेट्रोल कुठं मिळेल, रात्री विमान वाऱ्यानं उलटू नये म्हणून कशाला बांधायचं, उद्या सकाळी पुढचं हवामान कोण सांगणार, हे सगळं एकट्यानं बघायचं. सोबत ना शिक्षक, ना मिस्त्री.

घरच्या तळावर इंजिन रुसलं तर दहा माणसं धावून येतात. परक्या ठिकाणी तुम्ही निघताना काय काय बरोबर घेतलं होतं, यावर सगळं अवलंबून असतं.

अबुकीरचा मुक्काम

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया शहराजवळ अबुकीर नावाचं ठिकाण आहे. तिथल्या विमानतळावर जेआरडी उतरले, तर समोर दुसरं एक जिप्सी मॉथ उभं. ते अस्पी इंजिनिअर यांचं होतं. उलट दिशेनं आलेला प्रतिस्पर्धी तिथं अडकून पडला होता. त्याच्या इंजिनाचे स्पार्क प्लग खराब झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते.

प्लग म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मोटारसायकलच्या इंजिनात असतो तोच. पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाला तो ठिणगी देतो. ठिणगी पडली नाही तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमानात तीच ठिणगी आकाशात बंद पडली तर काय होईल, ते तुम्हीच ओळखा.

जेआरडींजवळ जादा प्लग होते. आता त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. स्पर्धा चालू आहे. वेळ मोजली जात आहे. समोरचा माणूस इथं दोन दिवस अडकला तर बक्षीस जवळपास आपलंच. शिवाय पुढं समुद्र ओलांडायचा आहे, आपले प्लग बिघडले तर आपणच अडकू. नाही म्हटलं असतं तरी कुठल्याही नियमाचा भंग झाला नसता.

जेआरडींनी प्लग देऊन टाकले. अस्पींचं इंजिन सुरू झालं. दोघंही आपापल्या दिशेनं निघाले, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला.

पुढं काय झालं? अस्पी इंजिनिअर कराचीला पोहोचले आणि त्यांनी बक्षीस जिंकलं. जेआरडी लंडनला पोहोचले, पण काही तासांच्या फरकानं ते मागं पडले होते. जिंकलेल्या अस्पींना पुढं हवाई दलात प्रवेश मिळाला आणि १९६० मध्ये ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. एका प्लगमुळं ते प्रमुख झाले, असं म्हणणं बरोबर नाही. त्यामागं त्यांचं स्वतःचं कर्तृत्व आहे. पण अबुकीरच्या त्या दुपारी हा सतरा वर्षांचा मुलगा घरापासून हजारो किलोमीटर दूर एकटा अडकला होता आणि त्याला मदत मिळाली ती प्रतिस्पर्ध्याकडून, एवढं मात्र खरं.

हरणं सगळ्यांनाच लागतं, तसं ते जेआरडींनाही लागलं असणार. पण या प्रवासातून ते जे शिकून आले, त्याचा उपयोग दोनच वर्षांत झाला.

टपालाची मुक्कामी गाडी

त्या काळात लंडनहून येणारं टपाल इम्पीरियल एअरवेजच्या विमानानं कराचीपर्यंत यायचं. कराचीपासून पुढं मुंबई आणि मद्रासकडं ते रेल्वेनं जाई आणि त्यात दिवस जात. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे एक वैमानिक जेआरडींना भेटले. कराचीपासून पुढचं टपाल आपण विमानानं नेऊ, अशी त्यांची योजना होती. टाटांच्या कंपनीचे प्रमुख सर दोराबजी आधी फारसे उत्सुक नव्हते. जेआरडींचे वरिष्ठ जॉन पीटरसन यांनी त्यांना पटवलं. सुमारे दोन लाख रुपये घालायचे ठरले. सरकारकडून अनुदान नाही, जेवढं टपाल नेऊ तेवढेच पैसे. सरकारी परवानगीत तीनेक वर्षं गेली.

अखेर १५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस उजाडला. सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी टपाल घेऊन कराचीहून पस मॉथ विमानात निघाले. वाटेत अहमदाबादला उतरून पेट्रोल भरलं. तिथं पेट्रोलचे डबे बैलगाडीनं आणले जात. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकलं. पुढचं टपाल व्हिन्सेंट यांनी घेतलं. रात्रीचा मुक्काम बेल्लारीला केला आणि दुसऱ्या दिवशी ते मद्रासला पोहोचले.

तुमच्या गावात संध्याकाळी मुक्कामी एसटी येत असेल. ड्रायव्हर आणि कंडक्टर रात्री तिथंच राहतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. गाव त्यांचं नसतं, पण त्या गाडीवर गावाचा दुसरा दिवस ठरतो. कॉलेजची मुलं, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं, बाजाराला जाणारे, सगळे तिची वाट बघतात. भारतातल्या विमानसेवेची सुरुवात अशाच मुक्कामी फेरीनं झाली, असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही.

पहिल्या वर्षात या सेवेनं १,६०,००० मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी आणि दहा टनांहून अधिक टपाल वाहून नेलं. नफा झाला ६०,००० रुपये. वेळ पाळण्यात ही छोटी कंपनी एवढी काटेकोर होती की सरकारी अहवालातही तिचं कौतुक झालं.

पावसाळ्यात तळ हलतो

इथं एक अडचण बघण्यासारखी आहे. जुहूचं मैदान समुद्राला लागून आणि सखल. पावसाळ्यात तिथं पाणी साचून चिखल होई आणि विमान उतरवणं अशक्य होई. मग काय करायचं? चार महिने टपाल बंद ठेवायचं? टाटांच्या कंपनीनं पावसाळ्यापुरता आपला तळच पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवला. वैमानिक, मिस्त्री, अवजारं सगळी घाट चढून गेली. घर बंद ठेवलं, पण काम चालू राहिलं.

आज हेच आपल्या भागात उलट्या बाजूनं घडताना दिसतं. उत्तर प्रदेशात फुरसतगंज इथं इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. हिवाळ्यात तिकडं दाट धुकं पडतं आणि उड्डाणाचे तास वाया जातात. म्हणून तिथले विद्यार्थी बिरसीला येऊन सराव करत आले आहेत. मुंबईचा चिखल असो की उत्तरेतलं धुकं, शिकणाऱ्याला हवामानापुढं रुसून बसता येत नाही. सामान उचलायचं आणि जिथं आकाश मोकळं असेल तिथं जायचं.

आणि हेही लपवून चालणार नाही की या शिक्षणात धोका असतो. जेआरडींचा धाकटा भाऊ जिमी १९३६ मध्ये विमान अपघातात गेला. टपाल सेवेतले त्यांचे सोबती व्हिन्सेंट १९४२ मध्ये महायुद्धाच्या काळात इंग्लंडहून परतताना विमानासह नाहीसे झाले. ज्या आकाशानं जेआरडींना सगळं दिलं, त्यानंच घरातलं आणि जवळचं माणूस नेलं. तरीही त्यांनी उडणं सोडलं नाही. मात्र वेळ, तपासणी आणि शिस्त यांबाबत ते आयुष्यभर कडक राहिले. त्यामागचं कारण आता तुमच्या लक्षात येईल.

नागपूरची मध्यरात्र

१९३८ मध्ये, चौतीसाव्या वर्षी, जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस नावाचं विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. अठरा वर्षांपूर्वी ज्या इजिप्तमध्ये जेआरडी एकटे उतरले होते, त्याच इजिप्तमधून आता भारताचं स्वतःचं मोठं विमान प्रवासी घेऊन जात होतं. जेआरडी त्या विमानात होते.

आपल्या विदर्भाचाही या इतिहासात वाटा आहे. १९४९ मध्ये देशात रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरला एकत्र यायची. का बरं नागपूर? नकाशात बघा, ते चौघांच्याही मधोमध आहे. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि विमानं पुन्हा निघायची. सकाळी पत्र दुसऱ्या टोकाला पोहोचलेलं असे. १९५३ नंतर ही सेवा इंडियन एअरलाइन्सनं चालवली. भंडाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, आपले आजी-आजोबा झोपेत असताना, सगळ्या देशाची पत्रं एका धावपट्टीवर एकमेकांना भेटून जात होती. चारही विमानांसाठी नागपूर हे परगाव, आणि त्या परगावीच त्यांचं काम पुरं व्हायचं.

आपलं, पण आपलं नसलेलं

१९५३ मध्ये सरकारनं सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींनी हातानं उभी केलेली एअर इंडिया आता त्यांची राहिली नाही. त्यांना विश्वासात न घेता हा निर्णय झाला, याचं त्यांना वाईट वाटलं. पण सरकारनं अध्यक्षपद देऊ केलं तेव्हा ते त्यांनी स्वीकारलं आणि पगार न घेता पंचवीस वर्षं सांभाळलं. प्रवासाला निघाले की विमानातला चहा कसा आहे, पडदे स्वच्छ आहेत का, कर्मचारी नीट बोलतात का, अशा बारीकसारीक गोष्टी ते टिपून ठेवत आणि संबंधितांना कळवत. मालकी गेली म्हणून काळजी कमी झाली नाही. १९७८ मध्ये सरकारनं त्यांना त्या पदावरून दूर केलं.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या टपाल फेरीला पन्नास वर्षं झाली. त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. कराची आता परदेशात होतं. निघायचं ठिकाण परकं झालं होतं, उतरायचं ठिकाण तेच होतं.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा इथं त्यांचं निधन झालं आणि पॅरिसमध्ये त्यांचं दफन झालं.

यातून आपण काय घ्यायचं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं येऊ. परवान्यासाठी दुसऱ्या विमानतळांवर उतरण्याची अट कशासाठी? कारण घरच्या धावपट्टीवर आपण अर्धं काम सवयीनं करतो. वळायचं कुठं, हे ओळखीचं झाड सांगतं. चूक झाली तर शिक्षक शेजारी असतात. परक्या ठिकाणी सवय कामाला येत नाही. तिथं नकाशा, वारा आणि इंधन यांचा आधी केलेला हिशोबच कामाला येतो. शिवाय तिथल्या माणसांशी बोलता यावं लागतं, मदत मागता यावी लागते आणि वेळ आली तर देताही यावी लागते. हे शेवटचं कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत. जेआरडींना ते अबुकीरला विचारलं गेलं.

तुमच्यातल्या फार थोड्यांना वैमानिक व्हायचं असेल. पण दहावी-बारावीनंतर तुमच्यातले कितीतरी जण नागपूरला, पुण्याला, आणखी कुठंतरी जाणार. वसतिगृहाची खोली, वेगळं जेवण, वेगळ्या लकबीची भाषा. पहिले काही दिवस आपली वऱ्हाडी-झाडीपट्टीची बोली ऐकून कुणी हसेलही. तेव्हा घाबरून परतीचं तिकीट काढू नका. जाताना हिशोब नीट करून जा आणि जवळ एखादा प्लग जास्तीचा ठेवा. तो तुम्हाला लागेल, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या मुलाला लागेल.

स्वाध्याय

१. कराची ते लंडन हा जेआरडींचा मार्ग जगाच्या नकाशावर काढा. वाटेतल्या देशांची आजची नावं लिहा.

२. जुहूचा तळ पावसाळ्यात पुण्याला का हलवावा लागे? हवामानामुळं कामाची जागा बदलावी लागते, असं तुमच्या गावातलं एक उदाहरण द्या.

३. रात्रीच्या विमानटपाल सेवेसाठी नागपूरच का निवडलं असेल? चारही शहरांचं नागपूरपासूनचं अंतर शोधून तक्ता करा.

४. अबुकीरला तुम्ही जेआरडींच्या जागी असता तर काय केलं असतं? खरं तेच लिहा. वर्गात या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर धरलं जाणार नाही.